साडेपाचला फाटक उघडतं

चिंचबर्डीच्या हायस्कूलचं मैदान कागदोपत्री जिल्हा परिषदेचं, पण गावात कुणालाही विचारा, तो म्हणणार, "ते हिलाल आबांचं मैदान." हिलाल आबा म्हणजे शाळेचे शिपाई. सत्तावीस वर्षांपूर्वी ते इथे रुजू झाले तेव्हा त्या जागी बाभळी होत्या आणि पाय ठेवू तिथे दगड. आबांनी बाभळी तोडल्या, मुळं खणून काढली. रोज शाळा सुटल्यावर एक घमेलं दगड वेचायचे, हा नेम त्यांनी सहा वर्षं चालवला. कडेनं बारा लिंबाची झाडं लावली आणि पहिले दोन उन्हाळे घरून हंडे आणून जगवली. आता पन्नाशीच्या पुढे गेलेला हा माणूस मैदानात शेळी शिरलेली दिसली की तरण्या पोरासारखा धावत सुटे.

पाच वाजता शाळा सुटली की सव्वापाचला फाटकाला कुलूप. मग सकाळी दहापर्यंत आत चिटपाखरू नाही. रविवारी तर नाहीच नाही.

अशा माणसाला मुख्याध्यापिका कोकिळा मॅडमनी नोव्हेंबरच्या अखेरीस ऑफिसात बोलावून घेतलं आणि सांगितलं, "आबा, एक तारखेपासून मैदान गावाला खुलं करायचंय. सकाळी साडेपाच ते साडेसात, संध्याकाळी सहा ते आठ. रविवारी सभागृहही."

आबा उभेच होते. ते आणखी ताठ झाले. "कोन्या गावले?"

"आपल्याच."

"मॅडम, ते मैदान शे. बाजारतळ नही."

चिडले की आबा अहिराणीवर येत, हे मॅडमना चार वर्षांत ठाऊक झालं होतं. त्या मूळच्या चाळीसगावच्या, भाषा कळायची. त्यांनी आबांना समोरच्या खुर्चीवर बसायला लावलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

गावातल्या नऊ मुली पोलीस भरतीची तयारी करत होत्या. पळायला जागा नाही, म्हणून पहाटे धरणगाव रस्त्यावर पळायच्या. कापसाचा हंगाम, ट्रकांची रांग लागलेली. दिवाळीनंतर एका सकाळी एक ट्रक इतका अंगालगत गेला की हेमांगी नावाची मुलगी चारीत पडली. गुडघे सोलपटले, बाकी काही झालं नाही. पण तिची आई त्याच दिवशी शाळेत आली आणि मॅडमना म्हणाली, "मॅडम, एवढं मोठं मैदान कुलपात, आणि आमच्या पोरी ट्रकखाली. हे कसं?"

 मॅडम उठल्या आणि तशाच नगरपंचायतीत गेल्या. तिथले मुख्याधिकारी भूपेंद्र साहेब वयानं तरुण, नुकतेच बदलून आलेले. त्यांचं दुखणं वेगळं होतं. नगरपंचायतीनं मोठी थोरली अभ्यासिका बांधली होती. पंखे, टेबलं, पुस्तकं, सगळं होतं. पण दुपारभर तिथे फक्त पंखेच फिरायचे. आणि गावासाठी मैदान काढावं, तर नगरपंचायतीकडे वीतभर मोकळी जागा नाही. दोघांनी चहाच्या कपावर जे ठरवलं, ते कागदावर यायला मात्र पाच आठवडे लागले. जिल्हा परिषद म्हणे, नगरपंचायतीचा ठराव आणा. नगरपंचायत म्हणे, आधी जिल्हा परिषदेची परवानगी आणा. मॅडमनी जळगावच्या तीन खेपा केल्या. शेवटी करार झाला. मैदान आणि सभागृह ठरल्या वेळी गावाला, अभ्यासिका दुपारी शाळेच्या मुलांना. शिवाय नगरपंचायत मैदानाला नळजोडणी देणार, दिव्याचे दोन खांब उभे करणार, पडकी भिंत बांधून देणार.

"लिंबांना आता नळाचं पाणी मिळेल आबा," मॅडम म्हणाल्या.

"लिंबं आता मोठी व्हयनीत," आबा म्हणाले आणि उठून गेले.

एक डिसेंबरला साडेपाचला त्यांनी फाटक उघडलं. न उघडून सांगतात कुणाला? फाटकाशी खुर्ची टाकली, कानटोपी ओढली आणि कोण कोण येतं ते बघत बसले. त्यांना वाटलं होतं नऊ पोरी येतील. आलं अर्धं गाव. हातात काठ्या घेतलेले म्हातारे आले. साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाया आल्या. बॅट-स्टंप घेऊन पोरं आली, त्यांना आबांनी संध्याकाळची वेळ दाखवून परत पाठवलं. मधुमेहवाले आले, गुडघेवाले आले. एक गृहस्थ नुसतेच लिंबाखाली उभे राहून वर बघत होते. आबांनी विचारलं, काय बघता? ते म्हणाले, "दहावीला होतो तेव्हा ही झाडं माझ्या खांद्याला लागायची." आबांनी त्या माणसाला ओळखलं. कबड्डीत पाय मोडून घेतला होता त्यानं.

साडेसातला मैदान रिकामं झालं तेव्हा आबांनी फेरी मारून कचरा वेचला. गुटख्याच्या सहा पुड्या आणि पाण्याची एक बाटली. त्या त्यांनी मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. मॅडमनी दुसऱ्या दिवशी कचऱ्याचे दोन डबे आणून ठेवले.

चौथ्या दिवसापर्यंत आबांनी तोंड बंद ठेवलं. पाचव्या दिवशी मात्र राहवलं नाही. त्या नऊ मुली भिंतीच्या कडेकडेनं पळायच्या आणि चार फेऱ्या झाल्या की हाशहुश करत मोबाइलमध्ये वेळ बघायच्या. हेमांगी सगळ्यांत पुढे. उंच, हडकुळी, पळताना ओठ घट्ट मिटून घेणारी. ती त्या दिवशी आनंदानं ओरडली, "आठशे मीटर, तीन मिनिटं पाच!"

आबा खुर्चीवरून उठले. "ए, थांबा बठ्ठ्या! हाई आठशे नही शे."

मुली घाबरून थांबल्या. हिलाल आबा ओरडले की थांबायचं, हे त्या पाचवीपासून शिकल्या होत्या.

"मंग कितलं शे, आबा?" हेमांगीनं विचारलं.

"तुम्ही कोपरे खाता. तुमची एक फेरी एकशे शहाऐंशी मीटरच भरते. चार फेऱ्यांत छप्पन मीटर कमी पळता. धुळ्याला भरतीत खरं आठशे पळायला लागेल तेव्हा शेवटचे छप्पन कोण पळणार, मी?"

मुलींची तोंडं उतरली. आबांना ते बघवेना. ते खोलीत गेले आणि खुंटी, दोरी, टेप, फक्कीचं घमेलं घेऊन आले. मैदानाच्या मधल्या रेषेवर आधी एका, मग दुसऱ्या टोकाला खुंटी ठोकली. पन्नास-पन्नास मीटरच्या दोन सरळ रेषा, आणि दोन्ही टोकांना सोळा मीटरला थोड्या कमी दोरीचे अर्धगोल. एक मुलगी दोरीचं टोक धरून वाकून चालायची आणि मागून आबा चिमटीचिमटीनं पांढरी फक्की सोडत जायचे. तासाभरात लालसर मातीवर दोनशे मीटरचा ट्रॅक उमटला. म्हातारे काठ्या टेकून बघत राहिले.

"आता पळा. चार फेऱ्या. रेषेच्या बाहेरून."

हेमांगीला तीन मिनिटं सव्वीस सेकंद लागले. ती गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. आबा शाळेचं स्टॉपवॉच हातात घेऊन तिच्याजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "रडू नको. पहिल्या फेरीला उधळलीस, म्हणून दम गेला. उद्या पहिली फेरी मी सांगेन तशी पळ."

दुसऱ्या दिवसापासून आबांची खुर्ची फाटकाशी दिसेनाशी झाली. ते ट्रॅकच्या आत, शिट्टी तोंडात धरून उभे राहू लागले. "खांदे ढिले सोड! मूठ आवळू नको! वळणावर आत झुक!" हे सगळं ते कुठे शिकले, असं मॅडमनी एकदा विचारलं. "सत्तावीस वर्षं क्रीडाशिक्षक ओरडतात ते ऐकतोय," आबा म्हणाले. नळ आला, खांबांवर दिवे लागले, दुपारी शाळेची मुलं रांगेनं अभ्यासिकेत जायला लागली. संक्रांतीपर्यंत हेमांगी तीन मिनिटं आठपर्यंत उतरली होती. भरतीची मैदानी चाचणी धुळ्याला पाच फेब्रुवारीला होती.

आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी तो साखरपुडा झाला.

परवानगी फक्त सभागृहाची होती. पण पाहुणे धरले होते त्याच्या दुप्पट आले, आणि कौतिक मंडपवाल्यानं कुणाला न विचारता मैदानावर मंडप ताणला. खांब रोवायला पहारीनं खड्डे घेतले, तेही नेमके ट्रॅकवर. आदल्या संध्याकाळी मैदानाला पाणी मारलेलं. त्या ओल्या मातीतून जेवणाच्या सामानाच्या गाड्या गेल्या. आबा त्या रविवारी भाचीच्या घरी पारोळ्याला गेले होते.

सोमवारी साडेपाचला दिव्याच्या उजेडात त्यांनी मैदान बघितलं. चाकांच्या हातभर खोल चाकोऱ्या, बावीस खड्डे, पत्रावळी, आणि एका लिंबाची फांदी मंडपाच्या दोरीनं चिरफळलेली. आबा काही वेळ त्या फांदीला हात लावून उभे राहिले. मग मागे वळले, फाटकाबाहेर जमलेल्या लोकांसमोर कुलूप लावलं आणि म्हणाले, "संपलं. आता कोणी आत येणार नाही. कोणी म्हणजे कोणी नाही."

लोक कुजबुजत उभे राहिले. काही म्हातारे, मफलर गुंडाळलेल्या आठ-दहा बाया, नऊ मुली.  हेमांगीनं बुटाची नाडी घट्ट केली, मैत्रिणींकडे बघितलं, आणि नऊच्या नऊ मुली वळून धरणगाव रस्त्याकडे पळत निघाल्या.

आबा तरातरा घरी आले. चूल पेटलेली नव्हती. त्यांची बायको झुंबरबाई ओट्यावर बसून पायातले कॅनव्हासचे बूट काढत होती. डोक्याला तपकिरी मफलर.

आबा बघतच राहिले. "तू कोठे गयथी?"

"तुम्हना फाटकवर," झुंबरबाई म्हणाली. "एक महिना व्हयना, मी रोज येस. तुम्ही पोरीसले पयाडतस, तधळ आम्ही बाया लिंबना कडेकडेनं फिरतस. तुम्ही बायासकडे मान वर करी देखतस कोठे? आज माले बी हाकली दिधं तुम्हीन."

 आबा पायरीवर टेकले.

"सत्तावीस वरीस," झुंबरबाई पुढे म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रोज जेवताना मैदाननी गोष्ट. आज हाई लिंबाले पालवी फुटनी, आज तितला दगड येचात. पाणीना हंडा मीच भरी देयेल. पन एक दिन तरी तुम्हीन माले ते मैदान दखाडं का? हाई महिनामा मी पहिल्यांदाव देखं. आनि खरं सांगू? माले भलतं आवडनं."

आबा खाली मान घालून बसले. हंडे त्यांना आठवले. डोक्यावर हंडा घेऊन ते फाटकापर्यंत जात आणि ती घराच्या दारात उभी राहून बघे. आत ये, असं म्हणायचं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. पाहुण्याला दाखवलं, साहेबांना दाखवलं, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना बारा झाडं मोजून दाखवली.

"पोरी रस्त्यावर गेल्या," ते एकदम म्हणाले आणि उठले.

सायकल काढली आणि धरणगाव रस्त्याला लागले. समोरून कापसाच्या गाड्या येत होत्या, धूळ नाकातोंडात जात होती. मोरीजवळ त्यांना मुली दिसल्या, एकामागे एक, रस्त्याच्या कडेला अंग चोरून पळताना. आबांनी शिट्टी वाजवली. ती शिट्टी ओळखून नऊही जणी जागच्या जागी थांबल्या.

"चला परत," आबा म्हणाले. "रस्त्यावर पळायचं नाही. खड्डे टाळून पळा आज, पण आत पळा."

"आबा, तुम्ही रागात शेतस ना?" हेमांगीनं भीत भीत विचारलं.

"शे. पण तुम्हनावर नही."

परत आले तर फाटकाशी कौतिक मंडपवाला उभा. शेजारी मुरमानं भरलेली ट्रॉली. मैदानाची काय दशा झालीय ते रात्रीच कुणीतरी त्याला सांगितलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरलेला होता. "आबा, पाहुणे अंगावर आले, मला काही सुचलं नाही," तो म्हणाला. "मी पण याच शाळेचा. तुम्ही मला इथेच दोनदा पकडलंय, भिंतीवरून उडी मारताना."

"तीनदा," आबा म्हणाले. "फावडं आणलंस का?"

"दोन आणलीत."

संध्याकाळी सहाला मैदानावर जे झालं ते चिंचबर्डीत आधी कधी झालं नव्हतं. मॅडमनी मुलांना सांगितलं होतं, मुलांनी घरोघरी. फावडी, घमेली, टोपल्या घेऊन शंभरावर माणसं आली. साखरपुड्याचा नवरदेव नवे बूट काढून मुरूम ओढायला लागला. त्याची होणारी बायको तिच्या गावी परत गेली होती. तिनं व्हिडिओ कॉल करून तो खरंच काम करतोय का ते बघितलं, आणि फोन हातोहात सगळ्या बायांत फिरला. झुंबरबाईंनी पाट्या भरणाऱ्या बायांची रांग लावली. मग रस्त्यावरून धडधडत आवाज आला, आणि भूपेंद्र साहेब नगरपंचायतीचा रोड रोलर घेऊन फाटकात हजर झाले. पोरांनी असा काही गलका केला की झाडांवरचे पोपट उडाले. फाटक रोलरला जेमतेम पुरत होतं; आत जाताना दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरली. आबा पुढे उलटे चालत हातानं इशारे करत होते, "ये, ये, ये, थोडं डावीकडं, ये..."

मैदान दाबून झालं तेव्हा दिवे लागले होते. आबांनी खुंटी ठोकली. "दोरी कोण धरतं?"

"मी," भूपेंद्र साहेब म्हणाले.

"वाकून चालावं लागेल, साहेब. आणि दोरी ढिली सोडायची नाही."

साहेब वाकून चालले. पहिल्याच वळणावर दोरी ढिली पडली, तेव्हा आबा त्यांना शाळेतल्या पोराला ओरडावं तसे ओरडले. सगळं गाव हसलं, साहेबही हसले. त्याच संध्याकाळी मैदानाची समिती ठरली. मॅडम, साहेब, कौतिक, दोन बाया, आणि आबा. पहिला नियम आबांनी सांगितला आणि मॅडमनी फळ्यावर लिहिला: मैदानात खड्डा घ्यायचा तर आधी आबांना विचारायचं, आणि आबा नाही म्हणणार आहेत.

पाच फेब्रुवारीला पहाटे कौतिकनं मंडपाची पिकअप गाडी धुऊन काढली, मागे गाद्या टाकल्या आणि नऊ मुलींना धुळ्याला नेलं. आबा पुढे बसले. कवायत मैदानाच्या फाटकावर हवालदारानं त्यांना अडवलं. "उमेदवारच आत. तुम्ही बाहेर थांबा."

कौतिकला हसू फुटलं. आबांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि गुपचूप भिंतीकडेच्या चहाच्या गाडीशी जाऊन उभे राहिले. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या, दिसत काहीच नव्हतं. आबांनी स्टॉपवॉच आणलं होतं. प्रत्येक शिट्टीला ते दाबत, तीन मिनिटं बघत, पुन्हा शून्यावर आणत. चार कप चहा झाला. चहावाला म्हणाला, "बाबा, तुमची मुलगी आहे का आत?"

"नऊ आहेत," आबा म्हणाले.

साडेअकराला हेमांगी बाहेर आली. छातीवर नंबराचा कागद, केस घामानं कपाळाला चिकटलेले. तिनं इकडेतिकडे शोधलं, आबा दिसले आणि ती धावतच आली. आठशे मीटर पळून आलेली मुलगी पुन्हा धावत आली.

"आबा, तीन मिनिटना आत उनू! दोन छप्पन!"

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.  मग चहावाल्याला म्हणाले, "दहा चहा. आणि हिच्यात साखर जास्त."

एप्रिलमध्ये निवड यादी लागली. नवांपैकी चौघींची नावं होती, त्यात हेमांगी. उरलेल्या पाच दुसऱ्याच दिवशी साडेपाचला मैदानावर हजर झाल्या, आणि त्यांच्याबरोबर सात नव्या मुलीही आल्या. त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेचं पत्र आलं, करार पाच वर्षांसाठी वाढवलाय.

निवडलेल्या चौघींच्या सत्काराला संध्याकाळी सगळं गाव मैदानावर लोटलं. भाषणं लवकर आटोपली, कारण बायांना शर्यत हवी होती. झुंबरबाईंनीच समितीपुढे मागणी ठेवली होती. एक फेरी, दोनशे मीटर, वय चाळीसच्या पुढे. एकवीस बाया रेषेवर उभ्या राहिल्या. कुणी पदर खोचला, कुणी कासोटा घातला. कोकिळा मॅडमही शेवटच्या क्षणी चष्मा काढून हेमांगीच्या हातात देऊन रांगेत शिरल्या.

आबांनी शिट्टी तोंडात धरली. सगळ्यांचे पाय रेषेच्या मागे आहेत ना, ते बघितलं. त्यांनी वाजवली.

पहिल्या वळणापर्यंत चार जणी हसून हसून खाली बसल्या. मॅडम दुसऱ्या आल्या. झुंबरबाई पंधराव्या, पण शेवटच्या सरळ रेषेवर त्यांनी दोघींना मागे टाकलं, आणि लिंबाखालचे म्हातारे काठ्या आपटून ओरडत होते. रेषा ओलांडून त्या थेट आबांपाशी येऊन थांबल्या, कमरेवर हात ठेवून, तोंड लाल, श्वास फुललेला.

"पुढला वखते आठशे ठेवज्यात," त्या म्हणाल्या.

"आठशे पयाले रोज येनं पडी," आबा म्हणाले.

"मी तं रोजच येस."

आबा हसले. घमेल्यातली फक्की घेतली आणि पायांनी पुसली गेलेली रेषा पुन्हा आखायला वाकले. झुंबरबाईंनी दोरीचं दुसरं टोक धरलं.